निजण्याआधीची वही

रोज निजण्याआधी दिवसाचं लिहायची वही सुरू करायची तर आधी तिची जागा ठरवा. माझी मिठाच्या बरणीमागे असते. भांडी घासून हात पुसले की तीच दिसते. २०० पानी घेऊ नका, ४० पानी घ्या. संपली की उमेद येते.

वेळ आपली आपण पाहावी. आमच्या गावात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होते, तेव्हापासून मन निवांत असतं. महाराजांनी १९३५ साली अमरावती जिल्ह्यात मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. तिथून प्रार्थनेची सवय आमच्या घरात आली.

लिहायचं एवढंच: आज मनात नसताना कुठं 'हो' म्हटलं? आणि कोणत्या कामात वेळ कळला नाही? बोललेलं वाक्य जसंच्या तसं उतरवा. 'मन उदास होतं' लिहून काही हाती लागत नाही. माझ्या वहीत होतं, 'पोळ्याचा २० जणांचा स्वयंपाक मी करते म्हटलं. कंबर दुखत होती.' पंधरा दिवसांनी पानं चाळली, तर तसाच 'हो' पाचदा!

मग बोलायचं वाक्य आधी घोकून ठेवा. मी पऱ्हाटी (कपाशी) निंदताना, पात (हातातली ओळ) संपेस्तोवर, एकच म्हणत होते, "जाऊबाई, पुरणाचं मी पाहते, बाकीचं वाटून घेऊ." संध्याकाळी बोलले तेव्हा छाती धडधडत होती. त्या म्हणाल्या, "बरं. वडे माझ्याकडे."

एखाद्या रात्री डोळे मिटतात. मागचं भरून काढत बसू नका, आजची तारीख टाका.