टेलिकन्व्हर्टर लावल्यावर ‘एरर ०१’? आधी दोष कुठे आहे ते शोधा

टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या बॉडीमध्ये बसवायचं, दृश्य मोठं करणारं जोडभिंग. कॅननच्या डीएसएलआरवर ही एरर म्हणजे बॉडी आणि लेन्समधला संपर्क तुटतोय. कॅमेरा बंद करून लेन्स थेट बॉडीला लावा. एरर गेली तर संशय कन्व्हर्टरवर. त्याला दोन्ही बाजूंना संपर्कबिंदू असतात. मागचे पुसून पुढचे विसरणं नेहमीचंच. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने सगळे पुसा, पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर नकोच, सोन्याचा पातळ मुलामा निघतो. पुढच्या बाजूच्या स्प्रिंगवाल्या पिना पुसताना एखादी आत अडकलीय का पाहा. तसं असेल तर काम सर्व्हिस सेंटरचं. एरर नाही, फक्त ऑटोफोकस बंद? एफ/५.६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; मोठा आकडा म्हणजे कमी प्रकाश) लेन्सवर २एक्स म्हणजे दुप्पट मोठं करणारा कन्व्हर्टर लावला की एफ/११ होतं, तिथे ऑटोफोकससाठी बहुतेक डीएसएलआर हात टेकतात.