घरी सीएनसी राउटर बनवायचाय? आधी गॅन्ट्रीचं बघा

राउटर (कॉम्प्युटरच्या सूचनेवर लाकूड-प्लाय कापणारं मशीन) बनवायचं डोक्यात आलं की बरेचजण पहिल्यांदा पुण्याच्या तापकीर गल्लीत जाऊन मोटर, ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट), एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घेऊन येतात आणि मग त्याला बसेल असा सांगाडा शोधत बसतात. माझं स्पष्ट मत आहे की हे उलटं चाललंय. इलेक्ट्रॉनिक्स कधीही बदलता येतं, पण सांगाडा एकदा लेचापेचा झाला की त्यावर कितीही भारी मोटर लावा, कट खडबडीतच येणार. पैसे जास्तीत जास्त गॅन्ट्री (टूल घेऊन बेडवरून फिरणारा आडवा पूल), ती सरकते त्या रेल आणि तिला ढकलणाऱ्या स्क्रूवर जाऊ द्या.

साइझ आधी ठरवा. ८ बाय ४ फुटांची अख्खी शीट टाकायची हौस सगळ्यांना असते पण पुण्यातल्या फ्लॅटमध्ये नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यात कटिंग एरिया ६०० बाय ६०० मिमी घेतला तरी मशीन बाहेरून जवळपास ९०० बाय ९०० होतं, वर आवाज आणि धूळ वेगळी. पहिल्या मशीनला ६०० बाय ६०० पुरेसं आहे, झेडचा (टूल वर-खाली जायचा) प्रवास १०० मिमी.

आता गॅन्ट्री. टूलच्या टोकावर जोर येतो आणि गॅन्ट्री जितकी उंच तितका तो जोर तिला जास्त पिळतो, म्हणून बेडपासून लागेल तेवढीच उंची ठेवा, उगाच "असू दे जरा जास्त" करू नका. बीम निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा, ज्या दिशेने जोर येतो त्या दिशेची जाडी दुप्पट केली की भरीव बीमचा कडकपणा आठपट होतो (पोकळ पाइपमध्ये थोडा कमी, पण फरक प्रचंडच), आणि लांबी दुप्पट केली की कडकपणा तितक्याच पटीत कमी होतो. त्याच मापात लोखंड ॲल्युमिनियमच्या साधारण तिप्पट कडक असतं. ॲल्युमिनियम प्रोफाइल नटबोल्टने पटकन जुळतं हे खरं, पण वेल्डिंगची सोय असेल तर मी एमएसचा (साध्या लोखंडाचा) बॉक्स पाइपच घेईन, भिंत ३-४ मिमीची.

वेल्डिंगने पाइप वाकतोच. एका बाजूने सलग ओढू नका, समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटून पालटून टाके मारा, थंड होऊ द्या, मग पूर्ण करा. आणि रेल थेट पाइपवर बसवू नका, जिथे रेल येणार तिथे ८-१० मिमीच्या पट्ट्या वेल्ड करून त्या मिलिंगला (मशीनवर सपाट करायला) द्या. भोसरीत जॉबवर्क करणारी छोटी शॉप भरपूर आहेत, कागदावर नीट ड्रॉइंग घेऊन जा, तोंडी सांगू नका, आणि एक वाक्य त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: दोन्ही रेलच्या जागा एकाच सेटिंगमध्ये मिल करायच्या. जॉब मध्ये काढून परत बांधला की दोन्ही जागा एका पातळीत राहतीलच याची खात्री नाही. (तिकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तो वार सोडून जा.)

रेल १५ किंवा २० मिमीच्या एचजीआर (चौकोनी लिनिअर रेल) घ्या. पहिली रेल सरळपट्टीला लावून पूर्ण घट्ट करा, दुसरीचे बोल्ट नुसते हाताने लावून ठेवा. मग गॅन्ट्री चढवून या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने फिरवा, दुसरी रेल आपोआप आपली जागा घेते, गॅन्ट्री ज्या टोकाला असेल तिथले बोल्ट आवळत जा. शेवटी एका बोटाने ढकलल्यावर सगळीकडे सारखी जायला पाहिजे. कुठे जड लागली तर तिथे रेल समांतर नाहीये, मोटर ओढून नेईल म्हणून सोडून देऊ नका.

स्क्रू १६०५ बॉलस्क्रू, म्हणजे १६ मिमी जाड आणि एका फेऱ्याला ५ मिमी. मोटर नेमा २३ साइझची स्टेपर, ड्रायव्हर ३६ व्होल्टवर चालणारा. कंट्रोलरला आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवर जीआरबीएल (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, फुकट आहे आणि मजबूत चालतं. हिशोब सोपा आहे: मोटर एका फेऱ्याला २०० स्टेप, ड्रायव्हर प्रत्येक स्टेपचे ८ तुकडे (मायक्रोस्टेप) करतो असं धरलं तर १६००, भागिले ५ म्हणजे मिमीला ३२० स्टेप, हा आकडा जीआरबीएलच्या $100, $101, $102 या सेटिंगमध्ये जातो. उनोवर जीआरबीएल सेकंदाला साधारण ३०,००० स्टेप देतं, म्हणजे ३२० ला मिनिटाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास, घरच्या कामाला खूप झालं.

स्पिंडलसाठी (टूल फिरवणाऱ्या मोटरसाठी) सुरुवातीला सुतार वापरतात तो ट्रिमर चालतो. व्हीएफडीवाला (फ्रिक्वेन्सी बदलून वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हवर चालणारा) स्पिंडल घेतलात तर चालू करायच्या आधी त्याच्या पाटीवरची फ्रिक्वेन्सी बघून व्हीएफडीत तीच भरा, २४,००० आरपीएमच्या स्पिंडलला बहुतेक ४०० हर्ट्झ असते. केबल शील्डवाली, घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, नाहीतर व्हीएफडीच्या नॉइजने लिमिट स्विच (प्रवासाच्या टोकाला मशीन थांबवणारे) मध्येच खोटे ट्रिगर होतात. लिमिट स्विच एनसी (एरवी सर्किट जोडलेलं) पद्धतीने जोडा म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबतं. इमर्जन्सी स्टॉप हाताशी, मशीनच्या मागे नाही.

गुण्या (गॅन्ट्री काटकोनात आहे का) बघायची पद्धत: एका प्लायवर ५०० बाय ५०० च्या चौकोनाला चार कोपऱ्यांत भोकं पाडा आणि दोन्ही कर्ण मोजा. ७०७.१ यायला पाहिजेत, पण खरा मुद्दा दोन्ही सारखे येण्याचा. १ मिमीचा फरक असेल तर ५०० मिमीत गॅन्ट्री साधारण ०.७ मिमी तिरकी आहे, तेवढी एका बाजूने सरकवून परत भोकं पाडा.

मग बेडवर १८ मिमीचा एमडीएफ टाका (भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये कापून मिळतो) आणि तो मशीननेच सपाट करा. सपाट झाल्यावर टूलने काढलेल्या पट्ट्यांवरून नख फिरवा, प्रत्येक पट्टीच्या कडेला पायरी लागली तर स्पिंडल तिरका आहे, त्याच्या मागे शिम (पत्र्याचा पातळ तुकडा) घालून सरळ करा. पावसाळ्यात एमडीएफ फुगतो, तेव्हा परत एक हलका हात मारायचा, आणि रेलला तेल लावायचं चुकवू नका, गंज फार लवकर धरतो.

फीडला फॉर्म्युला आहे: आरपीएम गुणिले टूलच्या धारा गुणिले प्रत्येक धारेने काढायची चिप (मिमीत). १८,००० गुणिले २ गुणिले ०.०५ म्हणजे १८०० मिमी मिनिटाला. सागवानात भुकटी पडायला लागली, टूल तापायला लागलं तर फीड वाढवा नाहीतर आरपीएम कमी करा, लोक घाबरून फीड कमी करतात आणि टूल जाळून टाकतात.

पहिलं काम म्हणून गणपतीचं मखर छान आहे, ६ मिमी एमडीएफ, ३ मिमीचं टूल, एका पासला २ मिमी खोली. एमडीएफची धूळ बारीक असते, मास्क आणि व्हॅक्यूम दोन्ही लावा. प्रत्येक तुकड्याला तीन-चार टॅब (न कापता सोडलेले छोटे जोड) ठेवा म्हणजे शेवटच्या पासला तुकडा सुटून टूलमध्ये अडकत नाही, नंतर पटाशीने टॅब तोडून कडेला पॉलिश पेपर मारला की झालं.