मानसशास्त्रातला दावा कसोटीवर कसा घासावा

मानसशास्त्र खरं विज्ञान आहे का, याचं सरसकट उत्तर शोधू नका. एकेक दावा सुटा काढून तपासा. उदाहरणाला 'पॉवर पोझ' घेऊ: दोन मिनिटं ऐसपैस, जागा व्यापून बसलं-उभं राहिलं की टेस्टोस्टेरॉन (वर्चस्वाशी जोडलं जाणारं हार्मोन) वाढतं, कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) उतरतं आणि माणूस जोखीम घ्यायला धजतो.

आधी दावा असा लिहा की तो खोटा ठरू शकेल. 'देहबोलीने आत्मविश्वास वाढतो' हे कशालाही लागू पडतं. 'लाळेतलं कॉर्टिसॉल उतरतं' हे मोजता येतं. काय आढळलं तर दावा सोडायचा, हे लिहिता येत नसेल तर तिथेच थांबा. फ्रॉइड आणि अॅडलर या मनोविश्लेषकांवर विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा आक्षेप हाच होता: माणूस कसाही वागला तरी त्यांचा सिद्धांत त्यात बसायचाच.

मग बातमी बाजूला ठेवून मूळ पेपर काढा आणि 'पद्धत' या भागात माणसं मोजा. पॉवर पोझच्या २०१० च्या पेपरात ऐसपैस बसणारे आणि अंग आखडून बसणारे असे दोन्ही गट मिळून ४२ जण होते. दोन गटांच्या सरासरींतला फरक अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (माणसामाणसांतले आकडे सरासरीपासून किती विखुरलेत याचं हे माप) असेल आणि तो पाचपैकी चार वेळा पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. फरक ०.२ प्रमाण विचलनाएवढाच असेल तर प्रत्येक गटात सुमारे ३९०. गट लहान असला की खरा फरक हुकतो, आणि जो सापडतो तो बहुधा फुगलेला असतो. छापून मात्र तोच येतो.

सर्वांत जास्त वेळ इथे द्या: किती गोष्टी मोजल्या आणि त्यातल्या किती सांगितल्या? ०.०५ ची पातळी ठेवून (म्हणजे परिणाम नसतानाही शंभरात पाच वेळा तो दिसण्याची चूक चालवून घेत), परिणाम मुळात नसताना, वीस स्वतंत्र चाचण्या केल्या तर निदान एक 'सार्थक' (योगायोग नाही असं वाटायला लावणारा) निकाल मिळण्याची शक्यता ६४ टक्के. यावर उपाय पूर्वनोंदणी. गृहीतक, माणसांची संख्या, विश्लेषणाची पद्धत प्रयोगाआधीच तारखेसह नोंदवतात. पेपरात तिची लिंक असेल तर उघडून छापलेल्या निकालाशी ताडून पाहा. नुसती लिंक पाहून विश्वास टाकू नका, मोजायचं ठरलेलं माप मधेच बदललेलं असू शकतं.

आता गुगल स्कॉलरवर त्या पेपरखालच्या 'सायटेड बाय'मध्ये जाऊन 'रेप्लिकेशन' (तोच प्रयोग पुन्हा करून पाहणं) हा शब्द इंग्रजीत शोधा. २०१५ मध्ये पॉवर पोझ २०० जणांवर तपासली गेली. लोकांना आपण सबळ असल्यासारखं वाटलं, पण हार्मोन आणि जोखमीची निवड यांत फरक पडला नाही. पुढच्याच वर्षी मूळ पेपरच्या पहिल्या लेखिकेने या परिणामावर आपला विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. असा मोठेपणा कोणत्याही शास्त्रात दुर्मीळच.

टिकणारा दावा कसा दिसतो तेही पाहून ठेवा. मानसशास्त्रज्ञ स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग घरी होतो: रंगांची नावं असलेले वीस शब्द भलत्याच रंगांच्या पेनांनी लिहा, दुसऱ्या कागदावर त्याच रंगांचे वीस ठिपके काढा. दोन्हींवरचे रंग (शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा) मोठ्याने सांगायला लावा आणि वेळ मोजा. शब्दांना जास्त वेळ लागतो. सुरुवात निम्म्यांना ठिपक्यांपासून, निम्म्यांना शब्दांपासून करायला लावा, नाहीतर सरावाचा फरक त्यात मिसळेल.