उंदीर दारू पितो म्हणजे तो व्यसनी झाला का? प्रयोगातल्या या चुका टाळा

पिंजऱ्यात एक बाटली पाण्याची लावली, एक इथेनॉलची, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलची. उंदराने इथेनॉलच जास्त प्यायले आणि अहवालात ‘व्यसनी उंदीर’ असे लिहून मोकळे झाले. मद्यव्यसनाच्या संशोधनात सर्वाधिक नुकसान करणारी चूक हीच.

सी५७बीएल/६जे हा प्रयोगशाळेतल्या उंदरांचा वाण मुळातच इथेनॉल आवडीने पितो. डीबीए/२जे हा दुसरा वाण त्याला सहसा तोंड लावत नाही. ही आवड मुख्यतः आनुवंशिक आहे आणि ती पहिल्या आठवड्यातच दिसते. अवलंबित्व मात्र दीर्घकाळ अल्कोहोल शरीरात राहिल्यावर तयार होते. ते आहे असे म्हणायचे तर किमान दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: अल्कोहोल बंद केल्यावर विथड्रॉवलची (अल्कोहोल तुटल्याच्या त्रासाची, उदा. झटक्यांची) लक्षणे दिसणे आणि नंतर पुन्हा बाटली मिळाल्यावर पिणे पूर्वीपेक्षा वाढणे.

असे अवलंबित्व निर्माण करण्यासाठी इथेनॉलच्या वाफेची पेटी वापरतात. १६ तास वाफेत, ८ तास बाहेर, असे सलग चार दिवस. मग काही दिवसांची विश्रांती, पिण्याची चाचणी आणि पुन्हा तेच चक्र. उंदराचे शरीर अल्कोहोल फार झपाट्याने निकामी करते, म्हणून ते रोखायला पायराझोल टोचतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कंट्रोल गटाला (तुलनेसाठीच्या, अल्कोहोल न दिलेल्या उंदरांना) नुसत्या हवेच्या पेटीत ठेवणे आणि पायराझोल न देणे. मग दिसलेला फरक अल्कोहोलचा की औषधाचा, हे कुणालाच सांगता येत नाही. कंट्रोल उंदरांनाही तेच इंजेक्शन, त्याच वेळी द्या.

चक्रे पूर्ण करूनही पिणे वाढले नाही, तर आधी रक्त तपासा. त्यातली अल्कोहोलची पातळी साधारण १७५ ते २२५ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर असावी. पेटीच्या मीटरवरचा आकडा हवेतल्या वाफेचा असतो, उंदराच्या रक्तातला नव्हे. विथड्रॉवल दिसत नसेल, तर वेळ चुकली असण्याची शक्यता मोठी. शेपटीने अलगद उचलून झटके पाहण्याची चाचणी पेटीतून काढल्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा तासांत, ठरावीक अंतराने, पुन्हा पुन्हा करावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदाच पाहिले, तर सर्वांत तीव्र टप्पा निघून गेलेला असतो.

अवलंबित्व नव्हे, तर कमी वेळात भरपूर पिण्याचा अभ्यास करायचा असेल, तर पद्धत वेगळी. दिवे बंद झाल्यावर तीन तासांनी पाण्याच्या जागी २० टक्के इथेनॉल ठेवायचे. तीन दिवस दोन-दोन तास, चौथ्या दिवशी चार तास. अपेक्षा अशी की रक्तातले प्रमाण ८० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या वर जाईल. जात नसेल, तर खोलीत रात्री दाराच्या फटीतून उजेड येतो का, ते पाहा. पुरवठादाराने सी५७बीएल/६जेऐवजी सी५७बीएल/६एन हा उपवाण दिला नाही ना, हेही विचारा. नावे जवळजवळ सारखी असली तरी ६एन कमी पितात. आणि रक्त सत्र संपताक्षणी घ्या. पिंजरे साफ करून मग घेतले, तर पातळी उतरलेली असते.

हिशेबातल्या चुका साध्या असतात, पण त्या निष्कर्षाचा पायाच हलवतात. २५ ग्रॅमच्या उंदराने आकारमानाने २० टक्के असलेले ०.६ मिली द्रावण प्यायले, तर मात्रा येते सुमारे ३.८ ग्रॅम प्रति किलो. इथेनॉलची घनता (०.७८९) गुणायची राहिली, की तीच ४.८ होते. शिवाय बाटल्या गळतात. एका रिकाम्या पिंजऱ्यावर तशीच बाटली लावा आणि तिथली घट सर्व आकड्यांतून वजा करा. दोन बाटल्यांच्या जागाही नियमित बदला, कारण काही उंदीर बाटलीत काय आहे यापेक्षा बाजूच पकडून बसतात.

माद्यांना वगळू नका. वजनाच्या प्रमाणात त्या नरांपेक्षा जास्त पितात. केवळ नरांवरचा निष्कर्ष अर्धवट राहतो.

औषध तपासताना साखरेच्या पाण्याची चाचणी अनिवार्य समजा. नाल्ट्रेक्सोन या मद्यव्यसनावरच्या औषधाने इथेनॉल पिणे घटते, पण गोड पाणी पिणेही घटू शकते. दोन्ही सारखेच घटले, तर औषध अल्कोहोलवरच काम करते असा दावा करता येत नाही. उंदीर सुस्त झाल्यामुळे कमी पितो का, तेही हालचाली मोजून तपासावे.

विथड्रॉवलचे झटके जीवघेणे ठरू शकतात, त्या रात्री उंदरांना एकटे सोडू नये. झटक्यांची तीव्रता कोणत्या पातळीला पोहोचली की उंदराला प्रयोगातून काढून उपचार द्यायचे, हे प्रयोग सुरू होण्यापूर्वीच नैतिकता समितीकडून लेखी मंजूर करून घ्या, आणि तो कागद वाफेच्या पेटीजवळच लावून ठेवा.