बॉर्डरलाइनचे निदान पटत नसेल, तर या चुका टाळा

फायलीवर ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ (भावना, नाती आणि स्वतःविषयीची प्रतिमा सतत अस्थिर राहण्याचा व्यक्तिमत्त्व-विकार) असे लिहिलेले वाचल्यावर होणारी सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रागाच्या भरात गोळ्या बंद करणे. दीर्घकाळ घेतलेले क्लोनाझेपाम (चिंता कमी करणारे औषध) एकदम थांबवल्यास फिटचे झटके येऊ शकतात, आणि मूळ आजार बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा, असेल तर लिथियम अचानक सोडल्यावर तो उसळण्याचा धोका असतो. वाद निदानाशी असावा. औषध मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करावे. जीव नकोसा वाटू लागला, तर निदानाचा निकाल लागेपर्यंत थांबू नये. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या (टेली-मानस) क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.

“मी तशी नाहीच” एवढ्यावरच भांडत राहणे ही दुसरी चूक. हे निदान रक्ततपासणीवर नव्हे, तर मुलाखतीवर आणि हकिकतीवर ठरते, त्यामुळे मतभेदाला खरोखरच जागा असते. डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेप्रमाणे नऊपैकी पाच निकष पुरतात, म्हणजे एकच नाव मिळालेल्या दोघींमध्ये अवघा एक निकष समान असू शकतो. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-यादीने तर बहुतेक जुने उपप्रकार काढून सौम्य, मध्यम, तीव्र अशी प्रतवारी आणली आणि ‘बॉर्डरलाइन पॅटर्न’ ही त्याला जोडता येणारी नोंद म्हणून ठेवली. तेव्हा डॉक्टरांना शांतपणे विचारावे: नऊपैकी कोणते निकष दिसले, ते किती वर्षांपासून आहेत, आणि बायपोलर, एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता), आघातानंतरचा ताण, थायरॉइड यांचा विचार झाला का? साखरपुडा मोडून आठवडाही न झालेल्या मुलीला दहा मिनिटे पाहून तिच्या स्वभावाचा निवाडा करणे मला तरी घाईचे वाटते.

या प्रश्नांना बळ येते ते वहीने. साध्या दोनशे पानी वहीत रोज रात्री चार रकाने भरावेत: झोप किती तास झाली, मनःस्थिती कशी होती, ती किती वेळ टिकली आणि त्याआधी काय घडले. बायपोलरमधील सौम्य उन्माद सलग चार दिवस तरी टिकतो आणि त्यात कमी झोपूनही उत्साह राहतो. बॉर्डरलाइनमध्ये मनःस्थिती बहुधा एखाद्या भांडणानंतर किंवा दुराव्याच्या भीतीने काही तासांत पालटते. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, म्हणून वहीवरून स्वतःच निकाल लावू नये, ती डॉक्टरांपुढे ठेवावी. मोबाइलवरच्या ‘ही लक्षणे तुमच्यात आहेत का’ छापाच्या याद्यांपेक्षा ती कितीतरी उपयोगी ठरते.

आमच्या बडोद्यात, विशेषतः दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या घरांत, पेशंटबरोबर आई, आत्या आणि शेजारच्या काकूही जातात, आणि हकिकत सांगते ती सर्वांत मोठ्या आवाजाची. “लहानपणापासून हट्टीच” हे वाक्य मग केसपेपरवर स्वभावदोष होऊन बसते. घरच्यांचे म्हणणे डॉक्टरांना हवेच असते, पण रुग्णाला काही वेळ एकटीने बोलू द्यावे, असे आधीच सांगून ठेवावे.

दुसरे मत घेताना जुनी फाइल लपवणेही चूक, आणि आत शिरताच ‘मला बॉर्डरलाइन सांगितले आहे’ म्हणणेही. औषधांची यादी पहिल्याच भेटीत द्यावी, मग हकिकत नव्याने सांगावी आणि जुने निदान शेवटी दाखवावे. खासगी फी परवडत नसेल, तर सयाजी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि करेलीबागेतील सरकारी मानसिक रुग्णालय आहेच. कागद मागायला संकोचू नये: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २५ ने रुग्णाला आपल्या नोंदी मिळण्याचा हक्क दिला आहे. गंभीर मानसिक हानीच्या शक्यतेवरून काही भाग रोखता येतो, पण तसे झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो, हेही रुग्णाला सांगणे बंधनकारक आहे.

दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच निदान दिले, तर ‘आता यावर गोळी कोणती?’ असे विचारण्याची घाई करू नये. खास बॉर्डरलाइनसाठी मान्यता मिळालेले औषध नाही. गोळ्या दिल्या जातात त्या सोबतच्या नैराश्यासाठी किंवा चिंतेसाठी. मुख्य उपचार संवादातून होणाऱ्या मानसोपचाराचा, उदाहरणार्थ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या डीबीटीचा (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) असतो. त्यामुळे हा उपचार देणारे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ शहरात कोण आहेत, किती महिने यावे लागेल आणि दर सत्राचा खर्च किती, हे त्याच भेटीत विचारून घ्यावे.