कासव सापडलं तर आधी पाय बघा : कोकणात हमखास होणाऱ्या चुका

मी सातवीत होते. आमच्या वाडीत रस्त्याकडेला एक कासव सापडलं. घुमटासारखी उंच पाठ, तिच्यावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या. बिचारं पाण्यावाचून तडफडत असेल, म्हणून आम्ही पोरांनी ते घमेल्यातून नेलं आणि चिऱ्याच्या विहिरीत सोडलं. तिसऱ्या दिवशी ते पाण्यावर तरंगताना दिसलं. ते जमिनीवरचं कासव होतं आणि त्याला पोहता येत नव्हतं, हे कळायला मला बरीच वर्षं गेली. आम्ही त्याला दयेपोटी मारलं. ती विहीर अजून आहे. तिच्याकडे बघताना मला अजूनही ते कासव आठवतं, आणि म्हणूनच हे लिहिते आहे.

कासव म्हणजे पाणी हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. समोर समुद्र, मागे खाडी, दारात विहीर. त्यामुळे कासव दिसलं की हात आपोआप पाण्याकडे वळतात. त्याआधी दोन मिनिटं थांबा आणि त्याचे पाय बघा. पुढचं सगळं पायांवरून ठरतं.

पाय वल्ह्यासारखे चपटे असतील, बोटं वेगळी दिसत नसतील, तर ते समुद्री कासव. आपल्याकडे बहुतेक वेळा ऑलिव्ह रिडले. बोटं दिसतात, नखं आहेत आणि बोटांमध्ये पातळ पडदा आहे, तर ते गोड्या पाण्यातलं. कोकणात यातली दोन नेहमी भेटतात. एक मऊ पाठीचं. त्याची पाठ चामड्यासारखी गुळगुळीत, नाक सोंडेसारखं पुढे आलेलं, आणि पोटाखाली मागचे पाय झाकणारे पडदे. दुसरं काळं कासव, टणक पाठीचं, पाठीवर लांबीच्या दिशेने तीन कणे उठलेले. आणि पाय हत्तीसारखे जाड, खांबासारखे असतील तर ते जमिनीवरचं. चांदण्यांचं स्टार कासव या गटातलं. ते मूळचं गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेकडच्या कोरड्या माळरानांचं. आपल्याकडे दिसलं तर ते कुणाच्या तरी घरातून सुटलेलं किंवा सोडलेलं असणार. त्याला पाण्यात सोडायचं नाही आणि कोकणातल्या रानातही सोडायचं नाही. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या ओलीत त्याला छातीचे आजार होतात. ते थेट वन विभागाकडेच द्यायचं.

सापडलं म्हणजे हरवलं, असं नाही

मिरगाचा पहिला पाऊस पडला की चढणीच्या माशांच्या जोडीने मऊ पाठीची कासवंही व्हाळातून म्हणजे ओढ्यातून मळ्यात आणि मळ्यातून रस्त्यावर येतात. ती वाट चुकलेली नसतात, आपल्या कामाला निघालेली असतात. अशा कासवाला घरी न्यायचं काहीच कारण नाही. गाडीखाली येईल अशी भीती वाटली तर उचलून रस्ता ओलांडून द्या, पण त्याचं तोंड ज्या दिशेला होतं त्याच बाजूला. परत मागे ठेवलंत तर ते पुन्हा त्याच रस्त्यावर येईल.

उन्हाळ्यातली चूक वेगळी. एप्रिल-मे महिन्यात तळीचा गाळ काढताना किंवा मळ्यात खणताना चिखलात घट्ट रुतलेलं, हालचाल न करणारं कासव मिळतं. लोक त्याला मेलेलं किंवा आजारी समजतात आणि ‘जगवायला’ पाण्याच्या पिंपात टाकतात. खरं तर पाणी आटल्यावर ते मातीत शिरून पावसाची वाट बघत पडलेलं असतं. त्याला जवळच, जिथे पुन्हा खणणार नाही अशा ओलसर जागी, मातीआड ठेवून द्या.

विहिरीत सोडणं तर गावोगाव चालतं, पाणी स्वच्छ राहतं म्हणून. पण बांधीव विहिरीच्या उभ्या भिंती चढून कासवाला बाहेर येता येत नाही. त्याला उन्हात बसायला जागा नसते, मादीला अंडी घालायला माती नसते. गोड्या पाण्यातलं कासव असलं तरी ती त्याच्यासाठी जन्मठेपच.

उचलताना मऊ पाठीच्या कासवाला पुढून किंवा मधोमध धरू नका. त्याची मान वाटते त्यापेक्षा खूप लांब असते आणि चावा जोरदार. पाठीच्या मागच्या भागाला दोन्ही हातांनी धरा, जमिनीपासून फार उंच नेऊ नका, शेपटीला धरून लटकवू नका. नंतर साबणाने हात धुवा. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि लहान मुलांना त्याचा त्रास होतो.

पाठ फुटलेली असेल तर फेविक्विक, एम-सील, हळद काहीही लावू नका. कवच म्हणजे जिवंत हाड आहे. त्याला रक्त आहे आणि वेदनाही आहेत. वरून चिकटवलं की आत घाण कोंडते आणि जखम सडते. स्वच्छ कापडाने नुसतं झाका, भोकं पाडलेल्या खोक्यात कोरडं ठेवा, सावलीत. पाण्यात ठेवू नका. पाव, भात, दूध भरवू नका. एक-दोन दिवसांच्या उपासाने कासव मरत नाही.

किनाऱ्यावरची सगळ्यात मोठी चूक

पावसाळ्यात पुळणीवर मोठं कासव पडलेलं दिसतं. चार माणसं जमतात, उचलतात, लाटांत ढकलतात, आणि एक जीव वाचवला म्हणून समाधानाने घरी जातात. दुसऱ्या दिवशी ते तिथून थोड्या अंतरावर मेलेलं असतं. अंडी घालायला आलेली मादी किंवा नुकतीच निघालेली पिल्लं सोडली, तर समुद्री कासव सहसा स्वतःहून किनाऱ्यावर येत नाही. दमलेलं, आजारी किंवा तुटक्या जाळ्यात अडकून पाय कापला गेलेलं असेल, तर लाटा त्याला आणून टाकतात. अशा कासवाला पाण्यात ढकलणं म्हणजे बुडवणं, कारण ते फुप्फुसाने श्वास घेतं आणि डोकं वर काढायला त्याच्यात ताकद उरलेली नसते. त्याला भरतीच्या रेषेच्या वर, सावलीत, पोटावर ठेवा. पाठीवर ओलं गोणपाट टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. कधीही उलटं करू नका. अंगात जाळं अडकलेलं असेल तर सुटं कापा. मांसात रुतलेलं आणि तोंडात गेलेला गळ किंवा दोरी ओढू नका, ती आत आतड्यापर्यंत गेलेली असू शकते. कुत्र्यांना आणि सेल्फीवाल्यांना लांब ठेवणं हेही उपचाराइतकंच गरजेचं आहे. डहाणूला अशा कासवांसाठी उपचार केंद्र आहे आणि तिथे बरी होऊन समुद्रात परतलेली कासवं कितीतरी आहेत.

होडीवरच्या माणसांसाठी एक गोष्ट खास. जाळ्यात आलेलं कासव हालत नसेल तर ते मेलंच असं समजून लगेच फेकू नका. बुडाल्यामुळे ते बेशुद्ध असू शकतं. त्याला पोटावर ठेवून मागचा भाग वीतभर उंच करा म्हणजे फुप्फुसातलं पाणी निथळेल, आणि किमान चार तास, लागले तर चोवीस तास ओलं आणि सावलीत ठेवून वाट बघा. हालचाल करायला लागलं की इंजिन थांबवून, जाळी नसलेल्या बाजूला, हळूच सोडा. जाळं कापून कासव सोडवलंत तर राज्य सरकारकडून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना डिसेंबर २०१८ मधली आहे. त्यासाठी सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवा. जाळं महाग असतं, घरचा खर्च त्यावर चालतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ही माहिती प्रत्येक बंदरावर पोचायला हवी.

थंडीत रात्री पुळणीवर चढणारी मादी मात्र पूर्ण बरी असते. ती सुरूच्या झाडांकडे सरकेल, खड्डा करेल, शंभराच्या आसपास अंडी घालेल आणि तासाभरात स्वतःच परत जाईल. तिच्या अंगावर बॅटरी मारलीत किंवा समोर उभे राहिलात तर ती अंडी न घालताच वळते. अंडी तुम्ही हलवू नका. काही तासांनी आतला गर्भ कवचाला चिकटतो आणि त्यानंतर अंडं नुसतं फिरवलं तरी तो मरतो. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर कासवांची घरटी सांभाळणारे कासवमित्र आहेत, ते काम त्यांचं. मादीच्या वल्ह्याला धातूचा बिल्ला दिसला तर तो काढू नका, क्रमांक वाचा आणि कळवा. २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला बसवलेली मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना मिळाली. कुणीतरी तो क्रमांक नीट वाचला, म्हणूनच पूर्व किनाऱ्यावरची मादी आपल्याकडेही येते हे कळलं.

पिल्लं सापडली तर बादलीत पाणी घालून त्यात ठेवू नका. जन्मताना त्यांच्या पोटात बलकाची शिदोरी असते, पहिल्या दिवसांच्या अखंड पोहण्यासाठी. बादलीत गोल गोल फिरून ती तिथेच संपते. कोरड्या टोपलीत, ओल्या वाळूवर ठेवा आणि फोन करा. लाटांकडे जाणारं पिल्लू उचलून पाण्यात टाकू नका, त्याला वाळूवरून चालू द्या. रिसॉर्टचे दिवे समुद्राच्या बाजूला लागलेले असतील तर ते बंद करायला सांगा, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने वळतात.

घरात ठेवायचा मोह

वीस नखांचं कासव धन आणतं, असं कुणी सांगितलं तर त्याला मऊ पाठीच्या कासवाची नखं मोजून दाखवा. प्रत्येक पायाला तीन, एकूण बारा. या खोट्या समजुतीपायी कासवं चोरून विकली जातात. ऑलिव्ह रिडले, मऊ पाठीचं आणि स्टार कासव ही तिन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती बाळगणं हा गुन्हा आहे, देवघरात ठेवली तरीही.

मत्स्यालयाच्या दुकानातलं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव अमेरिकेतलं. आणताना ते रुपयाएवढं असतं, पुढे ताटाएवढं होतं, आणि मग लोक ते देवळाच्या तळीत सोडतात. तिथे ते आपल्या कासवांचं अन्न आणि उन्हाची जागा बळकावतं. तळीत असं कासव दिसलं तर तेही कळवा. आणि घरातलं झेपत नसेल तर विचारून योग्य ठिकाणी द्या.

कुठलंही कासव असो, वन विभागाचा नंबर १९२६. फोनवर चार गोष्टी सांगा : पाय कसे आहेत, पाठ मऊ की टणक, जखम कुठे आहे, आणि नेमकं कुठे सापडलं. जागेचं नुसतं गावाचं नाव पुरत नाही. कुठल्या व्हाळाजवळ, कुठल्या मळ्यात, किनाऱ्याच्या कुठल्या टोकाला, हे सांगा आणि जागेचा एक फोटो काढून ठेवा. बरं झाल्यावर गोड्या पाण्यातलं कासव तिथेच परत सोडायचं असतं.