नागपूर ते बेलोरा : दोन विमानतळांमधील अंतर आणि वेळ कसा काढावा

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आणि तिवसा, चांदूर रेल्वे, आर्वी या भागांतील प्रवाशांपुढे बेलोरा की नागपूर, असा प्रश्न उभा राहिला. जाताना एकीकडून उडून परतताना दुसरीकडे उतरायचे असेल, तर या दोहोंमधील अंतर आधीच काढून ठेवलेले बरे.

नेटवर प्रथम दिसतो तो आकडा बहुधा हवाई अंतराचा असतो, आणि तो घरबसल्या पडताळता येतो. नागपूर विमानतळ साधारण २१.०९ अंश उत्तर अक्षांश व ७९.०५ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर बेलोरा २०.८१ व ७७.७२ अंशांवर. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा असतो. रेखावृत्ते मात्र ध्रुवांकडे जवळजवळ येत जात असल्याने आपल्या पट्ट्यात रेखांशाचा अंश १०४ किलोमीटरच भरतो. त्यानुसार ०.२८ अंशाचे ३१ आणि १.३३ अंशांचे १३८ किलोमीटर होतात. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले की सुमारे १४१ किलोमीटर हे उत्तर मिळते. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या एटीआर विमानाला एवढ्यासाठी १७ मिनिटे पुरतील, पण त्यात उड्डाण, चढ आणि उतरण धरलेली नसल्याने हा हिशेब कागदावरच शोभतो.

खरा हिशेब रस्त्याचा आहे. वाडी, कोंढाळी, कारंजा घाडगे, तळेगाव, तिवसा, मोझरी असा जुना महामार्ग धरल्यास अंतर दीडशे किलोमीटरच्या वर जाते आणि चहापाण्यासह तीन ते साडेतीन तास धरावे लागतात. संत्र्याच्या हंगामात मालट्रकांची गर्दी असते, तेव्हा थोडा वेळ जास्तच ठेवावा. चारचाकी असेल तर समृद्धी महामार्गाने धामणगाव रेल्वेपर्यंत जाऊन पुढे चांदूर रेल्वेमार्गे येता येते. दुचाकीला समृद्धीवर मनाई आहे, आणि धामणगावनंतरच्या साध्या रस्त्याला समृद्धीचा ताशी १२० किलोमीटरचा वेग लावून वेळ काढू नये. रेल्वेने यायचे असल्यास विमानतळ स्थानकावरून मेट्रोने सीताबर्डी गाठावी आणि नागपूर स्थानकावरून बडनेऱ्याची गाडी धरावी; तेथून बेलोरा जवळ आहे, मात्र ऑटोचे आधी ठरवून ठेवावे.

शेवटी वेळ उलटा मोजावा. समजा, बेलोऱ्याचे विमान दुपारी चारचे आहे, तर काउंटर तीनला बंद होईल असे धरून अडीचला पोहोचावे, म्हणजेच साडेतीन तास आणि थोडा जादा वेळ धरून नागपुरातून साडेदहा-अकराला निघावे. बेलोऱ्याचे विमान रोज असेलच असे नाही, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी वार तपासावा.